अदृश्य शस्त्र आणि युद्धधर्म



१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या रुळांवर खिळल्या. करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी संगणकीय घातपाताची शक्यता बोलून दाखविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक ठरविली. तो वाद बाजूस ठेवला तरी प्रश्न उरतोच : युद्ध चालू असता शत्रूने असा घाव घातला, तर युद्धाचे नियम त्यास लागू पडतील काय?

युद्धातही रयतेस उपद्रव होऊ नये, हा दंडक महाराष्ट्रास परका नाही. चिपळूणच्या लष्करास शिवछत्रपतींनी दिलेली ताकीद सर्वश्रुत आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी रुग्णालयांस संरक्षण दिले; १९७७ च्या पूरक कराराने लष्करी लक्ष्य व नागरी वस्तू यांत भेद करण्याचे बंधन घातले. भारत या पूरक करारात सामील नाही. तथापि भेदाचे तत्त्व रूढ नियम म्हणून सर्वांस बांधते. शस्त्र पोलादाचे की आज्ञावलीचे, याने फरक पडत नाही, असेच २०१३ च्या ‘टॅलिन मॅन्युअल’च्या तज्ज्ञांचे मत आहे.

अडचण अन्यत्र आहे. एकाच तारेवर छावणीचे आणि प्रसूतिगृहाचे दिवे जळतात. शिवाय तलवारीच्या मुठीवर हात दिसतो; येथे हातच दिसत नाही. नियम आहे, आरोपी सापडत नाही. म्हणून न्यायाची पहिली पायरी पुरावा जपणे ही होय. नोंदी जपण्याचे मोल बडोद्याच्या या शतायुषी ग्रंथालयात वेगळे सांगावयास नको.