दुसऱ्या भागाकडून काय मागावं?

(मेळघाटातल्या सेमाडोह येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून)



संतसाहित्य, शेती, शिक्षण अशा विषयांच्या रांगेत गोळीबाराच्या व्हिडिओ गेमला जागा कशी मिळाली, अशी कुजबुज झाली म्हणे. होऊ द्या. कादंबरीचा दुसरा भाग जमला की फसला यावर आपण तावातावानं बोलतो. मग पोरं ज्यात रात्री घालवतात, त्या खेळाची चिकित्सा का करू नये?

उदाहरण घेतो ‘हाफ-लाइफ २’चं. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं पहिला भाग १९९८ साली काढला, दुसरा १६ नोव्हेंबर २००४ला. पहिल्यात गॉर्डन फ्रीमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आहे. प्रयोग फसतो, परक्या जगातले जीव प्रयोगशाळेत घुसतात आणि हा पहार हातात घेऊन वाट काढतो. दुसऱ्यात तो आगगाडीनं ‘सिटी १७’ या शहरात उतरतो, तेव्हा सगळी पृथ्वीच परक्यांच्या ताब्यात गेलेली असते.

स्टेशनातलाच एक प्रसंग सांगतो. मुखवटा घातलेला शिपाई वाटेत उभा आहे. थंड पेयाचा रिकामा डबा तो मुद्दाम खाली पाडतो आणि तुम्हाला फर्मावतो, उचल, कचरापेटीत टाक. तुमच्या हातात शस्त्र नाही. निमूट टाकलात तर तो हसून वाट देतो. तोच डबा त्याच्या अंगावर भिरकावलात तर दांडकं घेऊन मागे लागतो. वस्तू उचलायची कशी, फेकायची कशी, हे खेळाडू इथे शिकतो. आणि हे राज्य कोणाचं, तेही त्याला कळतं. भाषण कुठेच नाही. पुढे शेकडो गोळ्या झाडल्या तरी लक्षात राहतो तो हा डबा.

या भागाची खरी कमाई म्हणजे गुरुत्व-बंदूक. तिच्यात गोळ्या नसतात. समोरची वस्तू ती खेचून घेते आणि जोरानं फेकते. रेव्हनहोम या उजाड गावात तुम्ही करवतीची पाती उचलून शत्रूवर सोडता; पिंप, खुर्ची, रेडिएटर, जे सापडेल ते हत्यार होतं. एके ठिकाणी उंचावर चढायचं असतं, तिथे फळीच्या एका टोकाला सिमेंटचे ठोकळे रचले की दुसरं टोक वर येतं. ही आपली शाळेतली तरफ! जयंत नारळीकरांच्या चांगल्या विज्ञानकथेतून विज्ञान काढलं तर कथाच उरत नाही. इथेही वजन, वेग, उसळी काढून घेतली तर खेळ कोसळेल. विज्ञानकथा या नावाला तो जागतो, नाहीतर पुष्कळ खेळांत विज्ञान म्हणजे बंदुकीतून निघणारा निळा उजेड.

आता दोष. कालव्यातला होडीचा प्रवास भलताच लांबवलाय. निम्म्यात आटोपला असता. शेवटाकडे शहरातल्या लढाईत सोबतीला बंडखोर येतात आणि नेमके दारात अडकून उभे राहतात. गॉर्डन तर अख्ख्या खेळात एक शब्द बोलत नाही. लोक त्याला तारणहार म्हणतात, हा गप्प. पहिल्या भागात तो बहुतेक एकटा होता, तेव्हा हे खपलं. इथे त्याला साथ देणारी मुलगी बोलतेय आणि समोर भिंत, असं वाटतं. मान हलवण्याची सोय दिली असती तरी पुरलं असतं.

शेवटी ऐन स्फोटाच्या क्षणी काळ थांबतो आणि सुटाबुटातला एक गूढ गृहस्थ नायकाला घेऊन जातो. पुढे २००६ आणि २००७ साली दोन छोटे भाग आले. दुसरा ऐन दुःखाच्या क्षणी तोडला आणि तिसरा आलाच नाही. ‘हाफ-लाइफ २’च्याच महिन्यात, नोव्हेंबर २००४मध्ये आलेल्या ‘हेलो २’ या खेळानंही गोष्ट अर्ध्यावर सोडली होती, पण २००७मध्ये तिसरा भाग आणून ती पुरी केली. उधारी ठेवली तर फेडायला हवी, एवढी साधी अपेक्षा आहे.

‘हाफ-लाइफ २’चा सगळ्यात मोठा दोष मात्र पडद्याबाहेरचा. दुकानातून डिस्क विकत आणली, खेळायचा एकट्यानं, तरी आधी इंटरनेटवरून परवानगी घ्यायची. पहिल्या दिवसांत पुष्कळजण त्यातच अडकले. दुपारी इथल्या एका मुलाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, “सर, अठी टावरच नाही भेटत, तं गेम खेळाचा कसा?” वीस वर्षांपूर्वीचं दुखणं मेळघाटात अजून ताजं आहे.

म्हणून आपल्याकडच्या खेळासाठी पुण्याकडे वळतो. सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीचा ‘इंडस’ १६ ऑक्टोबर २०२४ला मोबाइलवर आला. विज्ञानकथेला भारतीय साज, विरलोक नावाचा काल्पनिक मुलूख आणि एक झकास युक्ती: शेवटी ‘कॉस्मियम’ प्रकटतं, ते काबीज केलं की उरलेल्या खेळाडूंना न मारताही जिंकता येतं. हा विचार मला फार आवडला. पण एकट्यानं खेळायची सलग गोष्ट तिथे नाही, आणि नेट गेलं की खेळ संपला.

त्याचा दुसरा भाग कधी निघाला तर माझ्या मागण्या अशा. नेटशिवाय चालणारी, एकट्याची, पुरी होणारी गोष्ट द्या. परका ग्रह लागतोच कशाला? बुलढाण्यात लोणारचं विवर आहे, बेसाल्टात उल्कापातानं झालेलं. आकाशातून काही पडलं, तर आत काय आहे, इथून कथा सुरू करा. पात्रं वऱ्हाडी बोलोत, एखादं कोरकूही बोलो. आणि शत्रू कुठे आहे हे दाखवणारा कोपऱ्यातला नकाशा काढून टाका. इथले वनरक्षक वाघाचा माग आधी कानानं घेतात. सांबर ओरडलं, वानरांनी खॅक् केलं की त्यांना दिशा कळते. खेळाडूलाही तसं ऐकायला लावा. स्वस्त फोनवर भारी चित्रं चालत नाहीत, आवाज मात्र चालतो.

शिक्षकांना एक सांगून ठेवतो, ‘हाफ-लाइफ २’ सतरा वर्षांखालच्यांसाठी नाही, रक्त आहे. मोठ्यांनी जुन्या संगणकावरही तो जरूर खेळावा. आणि खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या मंडळींना विनंती, दुसरा भाग तयार झाला की बाजारात आणण्याआधी एक फोन घेऊन सेमाडोहला या आणि तो इथे चालतो का, ते बघा.