जुनी मोटारसायकल : कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्यापूर्वी
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बैलजोडी, पंप आणि फवारणी यंत्र यांच्या निगेविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर नेणारी आणि परत येताना खताची गोणी आणणारी मोटारसायकल हेही आपले शेती अवजारच आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटर नाही. त्यांत इंजेक्शन पद्धत आहे. आजचे बोलणे त्यापूर्वीच्या गाड्यांविषयी आहे. सीडी १००, स्प्लेंडर, राजदूत, येझदी अशा गाड्या आजही अनेक वाड्यावस्त्यांवर चालू आहेत.

अशा गाडीची नेहमीची तक्रार म्हणजे ती स्लोवर थांबत नाही. मूठ सोडली की बंद पडते. यावर बहुतेक जण कार्बोरेटरचा स्लो स्क्रू आवळतात आणि रेस वाढवून ठेवतात. गाडी चालू राहते, पण रोग तसाच राहतो. पेट्रोल जास्त जळते, गिअर टाकताना धक्का बसतो आणि मागे कॅन भरलेले असतील तर तोल जातो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवावी : स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. त्याआधी पेट्रोल, हवा आणि ठिणगी या क्रमाने तपासणी करावी.

१. पेट्रोल

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले तर गाडी काही अंतर चालते आणि बंद पडते. अशा वेळी झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दोष तेथेच आहे.

नंतर कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे. बाटली पाच मिनिटे स्थिर ठेवावी. तळाशी गंजाचे कण दिसले तर टाकी आणि कॉकची जाळी साफ करावी. पाण्याचे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करावी.

येथे एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२५ पासून देशभर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी थोडे असेल तर ते दिसत नाही. मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉकमधून तेच प्रथम कार्बोरेटरमध्ये येते. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीला हा धोका अधिक. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलने फुगतात किंवा चिरतात. नळी दोन बोटांत वाकवून पाहावी. भेगा दिसल्यास लगेच बदलावी. गळती असलेली गाडी गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ कदापि उभी करू नये.

२. हवा

ऊसतोडणीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. हवा कमी मिळाली की पेट्रोलचे प्रमाण वाढते, धूर काळा होतो आणि ॲव्हरेज घटते. स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन वाळवावा, थोडे इंजिन ऑइल लावून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. हलक्या हाताने झटकावा, फारच भरला असल्यास बदलावा.

उलट दोष म्हणजे नको तेथून हवा शिरणे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील जोडाचे बोल्ट सैल झाले किंवा तेथील रबर चिरले की मिश्रण पातळ होते. मूठ सोडली तरी रेस सावकाश उतरते आणि सायलेन्सरमध्ये फट् फट् आवाज येतो. गाडी स्लोवर ठेवून जोडाभोवती साबणाचे पाणी लावावे. इंजिनाचा आवाज बदलला तर तेथून हवा जाते असे समजावे. या कामी पेट्रोल वापरू नये, आग लागेल.

आणखी एक सोपी परीक्षा. इंजिन गरम असताना चोक अर्धा ओढल्यावर गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त शिरते. चोकने लगेच बंद पडली आणि प्लगही काजळीने काळा असेल, तर पेट्रोल जास्त जात असावे.

३. ठिणगी आणि टॅपेट

प्लग काढून त्याचे टोक पाहावे. विटकरी-तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरे टोक म्हणजे मिश्रण पातळ. १०० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत प्लगची फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. टॅपेट घट्ट असल्यास गाडी गार असताना चालते आणि तापली की स्लोवर बंद पडते. टॅपेट नेहमी गार इंजिनावर, गाडीच्या पुस्तिकेतील मापानेच बसवून घ्यावे.

हँडल वळवताना रेस वाढत असेल तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते. मुठीला २ ते ६ मिलिमीटर ढील असावी.

४. कार्बोरेटर सफाई

वरील सर्व ठीक असेल तरच कार्बोरेटर खोलावे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत बसवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. स्लोचे सारे काम बारीक स्लो जेटमधून चालते. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो आणि हेच भोक बुजते. त्यात तार घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी जेट निकामी होतो. जेट पेट्रोलमध्ये भिजवून ठेवावा आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. आरपार उजेड दिसला म्हणजे साफ झाला. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटला आहे. पेट्रोल वाहून जात असल्यास फ्लोटच्या पिनेखालील कचरा काढावा. पिनेच्या टोकाला खाच पडली असेल तर पिन बदलावी.

हे काम उघड्यावर, विडी-काडी आणि चुलीपासून दूर करावे. हवा मारताना डोळे सांभाळावेत.

५. आता स्क्रू

गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून तापवावी. मिश्रणाचा स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून, मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बाहेर घ्यावा. पुस्तिका नसल्यास दीड फेऱ्यापासून सुरुवात करावी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे. बाहेर काढल्यास मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यास पेट्रोल वाढते. पाव-पाव फेरा फिरवत जेथे इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे चालेल तेथे थांबावे. मग स्लो स्क्रूने रेस कमी करावी. हे दोनदा करावे. १०० सीसीच्या गाड्यांना स्लोवर मिनिटाला साधारण १४०० फेरे पुरेसे असतात. इथेनॉलमुळे जुन्या गाडीचे मिश्रण थोडे पातळ होते. म्हणून पूर्वी जुळवलेली गाडीही आता एकदा पुन्हा जुळवून घ्यावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर प्राणघातक आहे.

दोन सवयी लावून घ्याव्यात. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. आणि प्रत्येक वेळी टाकी भरताना किलोमीटर आणि लिटर वहीत लिहावेत. ॲव्हरेज घटू लागले की गाडी रस्त्यात बंद पडण्याआधीच दोष कळतो. मिस्त्रीकडे जायची वेळ आली तरी काय काय तपासले ते सांगता येते आणि नको ते भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

एवढे सांगून मी थांबतो.