गावाकडची छाती : मोजल्याशिवाय कळत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर दोन शब्द बोलण्यास सांगितले. मी डॉक्टर नाही. मी आरोग्यसेविका होते, माझी सगळी नोकरी खेड्यातल्या उपकेंद्रावर गेली. म्हणून पुस्तकी भाषण न करता एका घरातल्या गोष्टीपासून सुरुवात करते.

माझे थोरले मामा शेतमजूर होते. वय बावन्न. ज्वारीचं पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचे. कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एका सकाळी हातातला चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, उजवा हात-पाय गेला. लोक म्हणाले, वारं गेलं. कुणी तेल चोळलं, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं. रक्तदाब निघाला २१० वर १२०. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी मोजला होता?" मामींनी काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

बंधू-भगिनींनो, रक्तदाबाचे यंत्र रोज माझ्या पिशवीत असायचे. गरोदर बायांचा रक्तदाब मी घरोघरी जाऊन मोजत होते. पण त्याच घरातला सासरा, दीर, नवरा यांचाही मोजावा, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. मामा चार वर्षे खाटेवर पडून गेले. मामींची ती नजर मी अजून विसरले नाही.

आपण शहरात राहतो, पण आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील, चुलते, मामा गावीच आहेत. आपला समज असा, की हार्टचा आजार शेठलोकांचा, बसून खाणाऱ्यांचा. कष्ट करणाऱ्याला काय होतंय? हा समज किती खोटा आहे ते ऐका. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. लोकसंख्या सुमारे ९४ हजार. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण काय निघाले? साप नाही, मलेरिया नाही. लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा, आणि बहुतेक माणसे घरातच गेली. लकवा मेंदूत होतो, पण त्याचे आणि हृदयविकाराचे मूळ बरेचसे एकच : वाढलेला रक्तदाब, तंबाखू, साखर, रक्तातली चरबी.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही. ताप आला तर अंग सांगते, विंचू चावला तर माणूस ओरडतो. रक्तदाब वर्षानुवर्षे गप्प बसून रक्तवाहिन्या खराब करतो. म्हणून "मला काही होत नाही" या वाक्याला काही अर्थ नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

मग मोजायचे काय? अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनने २०२२ साली आठ गोष्टी ठरवून दिल्या. चार सवयी : जेवण, अंगमेहनत, तंबाखू-विडी आणि झोप. चार मापे : वजन, रक्तातले कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब. प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. ऐंशीच्या वर उत्तम, पन्नासच्या खाली धोका. म्हणजे मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखे हे हृदयाचे प्रगतिपुस्तक आहे.

आपल्या खेड्यात याची सोपी सुरुवात आशाताई करतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. वय किती, तंबाखू किंवा दारू आहे का, कमरेचा घेर किती, आठवड्याला दीडशे मिनिटे तरी अंगमेहनत होते का, आणि घरात आई-वडिलांना, भावंडांना बी.पी., साखर, हृदयविकार आहे का. या गुणांची बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. पण तपासणी तीस वर्षांवरच्या सगळ्यांचीच करायची असते, हे लक्षात ठेवा. आशाताई टेप घेऊन दारात आल्या की आपले लोक हसतात. म्हणतात, "ताई, ब्लाउज शिवणार का?" हसू नका. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बाईचा ८० च्या आत हवा. टेप नाडीच्या जागी नाही लावायची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावायची.

रक्तदाब मोजण्याचीही रीत आहे. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा लगेच मोजू नये. पाच मिनिटे शांत बसवावे. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर, आणि मोजताना गप्पा बंद! दोनदा मोजावा. पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला तर डॉक्टरांकडे जायचेच. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर तेही डॉक्टरांना दाखवायचे.

नुसते मोजून काय होते, असे कुणी विचारील. त्यासाठी फिनलंड देशातल्या उत्तर कारेलियाचे उदाहरण सांगते. हा जंगलांचा, शेतकऱ्यांचा, गाई-म्हशींऐवजी नुसत्या गाईंचा मुलूख. लोक लाकूड तोडणारे, धट्टेकट्टे. पण ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. १९७१ साली तिथल्या लोकांच्या वतीने सरकारकडे मदतीचा अर्ज गेला. १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने काम सुरू झाले. पहिले काम कोणते? मोजणे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करत, आणि पावावर लोणी थापल्याशिवाय जेवण होत नसे. मग गावातल्या महिला मंडळांनी कमी लोणी, कमी मीठ आणि जास्त भाज्यांचा स्वयंपाक गावोगाव करून दाखवला. पुढे तर कोलेस्टेरॉल कोण जास्त उतरवतो, अशी गावागावांत शर्यत लागली. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी. पुढच्या पस्तीस वर्षांत ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्यात औषधांचाही वाटा आहे, पण मोठा वाटा बदललेल्या सवयींचा.

तिथे लोणी होते, आपल्याकडे काय आहे? मीठ आणि तंबाखू. दिवसाला माणशी एक लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे. त्यात लोणचे, पापड, ठेचा, खारवलेली सुकट सगळे आले. ताटात वरून मीठ घेणे आजपासून बंद करा. दारूबद्दल मी वेगळे बोलत नाही, पाचवे शील आपण सगळे म्हणतो. पण मळलेली तंबाखू आणि आपल्या आयाबायांची मिश्री? "दातालाच लावते" असे सांगू नका. ती रक्तात जाते.

आणखी एक. "बी.पी. नॉर्मल आलं, म्हणून गोळी सोडली," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. अहो, नॉर्मल आले ते गोळीमुळे! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचलात तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येण्याची शक्यता असते. त्यानंतर ती संधी जाते.

शेवटी माझी एकच मागणी आहे. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा आईला साडी न्या, वडिलांना धोतर न्या, पण एक सकाळ त्यांना उपकेंद्रावरही न्या. तिथे रक्तदाब, साखर मोजायला पैसे लागत नाहीत. आलेला आकडा एका वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा मोजा. वडील म्हणतील, "मला काय धाड भरलीय?" तेव्हा त्यांना माझ्या मामांची गोष्ट सांगा.



जयभीम! नमो बुद्धाय!