उन्हाळी, तेल आणि पाणी



विषय जरा संकोचाचा आहे. पण आपण साऱ्या बायकाच आहोत, तेव्हा बोलते. लघवीला आग होते, तिला आपण उन्हाळी लागली म्हणतो आणि उष्णतेवर ढकलतो. बहुधा ते आतड्यातल्या जंतूंचे काम असते. आपला मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणून जंतू चटकन वर चढतात. त्यांच्याशी झुंजताना आत सूज येते, तिचीच ही आग.

आता तेलाचे. सूज वाढवणारी काही द्रव्ये शरीर स्निग्धाम्लांपासून करते, तशी ती आवरणारीही करते. दुसऱ्या कामाची स्निग्धाम्ले बांगडा-तारलीत आयती मिळतात. जवसातली शरीराला बदलून घ्यावी लागतात, नि थोडीच बदलतात. जवसाची चटणी जरूर खा. तिने जंतू मात्र मरत नाहीत.

पाण्याचा गुण मोठा. बल्गेरियात वारंवार उन्हाळी लागणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांची पाहणी झाली. ती २०१८ साली छापून आली. निम्म्या जणी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्या. वर्षात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. आणि आपण? एस.टी.त बसायचे म्हटले की सकाळपासून तांब्याला हात लावत नाही. वाटेत सोय नसते ना! ती मागायला मात्र कुणी पुढे होत नाही.

थंडी वाजून ताप आला, कुशीत कळ आली, किंवा दिवस गेलेले असले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासावी. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.