मुलाच्या नावावर काय आहे?

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या बिनलग्नाच्या मुलांविषयी. मुलं ऐकत असतील तर त्यांनी रेडिओ बंद करू नये, विषय त्यांचाच आहे.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे तिशी ओलांडलेला, शेती करणारा, निर्व्यसनी मुलगा आणि त्याचं लग्न जमत नाही, ही आता घरोघरची गोष्ट आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अशीच मुलं घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली. लोक हसले. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. त्यात हसण्यासारखं काय होतं? 2001 च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या. तेव्हा मोजलेली ती लेकरं आज लग्नाला आली आहेत. 2011 मध्ये तर आकडा 894 वर आला.

मुली कमी, हे झालं एक. दुसरं असं, की मुलीकडचे आता बंगला आणि ट्रॅक्टर पाहून भुलत नाहीत. ते विचारतात, मुलाच्या नावावर काय आहे? इथे गाडी अडते. पाच एकर द्राक्षबाग असते, पण सातबारा वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर. व्यापाऱ्याचे पैसेही त्यांच्याच खात्यात. मुलगा पहाटे फवारणीला उठतो, छाटणीला दिवसभर बागेत राबतो, आणि पेट्रोलला पैसे मागतो. उद्या बायकोला दवाखान्यात न्यायचं तरी सासऱ्यांना विचारावं लागणार, हे मुलगी बरोबर ओळखते. शहरातला पंधरा-अठरा हजारांचा नोकरदार तिला बरा वाटतो, कारण तो पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात येतो.

म्हणून आम्ही म्हणतो, स्थळं शोधण्याआधी हे बघा. वाटणीचं नाव काढलं की घरात भांडण, हे आम्हाला ठाऊक आहे. सगळे राजी असतील तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. तेवढं जमत नसेल तर निदान माल गेला की ठरलेला हिस्सा मुलाच्या खात्यात जमा करा. हातात रोख नको, खात्यातच. दोन-तीन वर्षांचं पासबुक बैठकीत दाखवता येतं.

त्या खात्यातून पहिला हप्ता म्हातारपणाचा. अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वयापर्यंत नाव घालता येतं, मात्र प्राप्तिकर भरणाऱ्याला नाही. साठीनंतर महिना 5000 हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला 210 रुपये पडतात, तिसाव्या वर्षी 577. लग्न होऊ दे मग बघू, म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांतला फरक बघावा. लग्न झालं की बँकेत जाऊन बायकोचं नाव नोंदवायचं. नवऱ्यामागे तेवढंच पेन्शन तिला मिळतं. सातपूर-अंबडला कारखान्यात असलेल्या मुलांनीही लग्नानंतर पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरावं. कितीतरी जणांचं ते राहूनच जातं.

आयुर्विम्याचं एक फार कमी घरांत माहीत असतं. विवाहित पुरुषाने 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, बायकामुलांच्या लाभासाठी म्हणून पॉलिसी काढली, तर एरवी सावकार किंवा बँक त्या पैशाला हात लावू शकत नाही. देणी बुडवायच्या हेतूने काढली असेल तर गोष्ट वेगळी. पीककर्ज डोक्यावर असलेल्या घरात याची किंमत सांगायला नको. पॉलिसी काढतानाच तसं लिहून द्यावं लागतं.

आणि लग्नाचा खर्च? एक गारपीट अख्खा हंगाम नेते, त्या घराने बस्ता, हॉल आणि ड्रोनच्या शूटिंगसाठी कर्ज काढावं, हे आम्हाला पटत नाही. नवी सून पहिली दोन वर्षं तेच हप्ते फेडताना बघते.

याच जिल्ह्यात, चांदवडला, 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. गावोगावच्या बाया ट्रकमधून आल्या होत्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने आपल्या जमिनीला बायकोचं नाव लावायचं. 1992 मध्ये सरकारने परिपत्रक काढून त्याला वाट करून दिली. आजही नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. फक्त त्यासाठी आधी नवऱ्याचं नाव तिथे असावं लागतं! लग्न ठरवताना मुलाने हे आपणहून बोललं, तर मुलीकडचं बोलणं कसं बदलतं ते बघाच.

लग्न झालंच नाही, तरी यातलं काही वाया जात नाही. पेन्शन त्याचंच. विम्याला बहिणीचं, भाच्याचं नाव लावता येतं. अविवाहित मुलाच्या मागे हिंदू वारसा कायद्याने पहिला हक्क आईचा असतो, पण आई काही कायम पुरत नाही. म्हणून चाळिशीच्या मुलाने मृत्युपत्र करून ठेवावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ते होतं.