गोलात एकच उभा राहतो

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं दिली आहेत आणि ‘आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी सांगा’ असा आदेश आहे. कंपनीतल्या मशीनवर बोललो तर निम्मे लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतील. म्हणून गेली काही वर्षं संध्याकाळी ज्यात माझा वेळ जातो त्यावर बोलतो. विषय आहे गोलकीपर. अनुभवी गोलकीपर उभा करायचा की तरुण, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या वेळी शाळेत फुटबॉल नव्हता. मुळशी तालुका म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. २०१७ साली शेजारच्या भूगावला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा आपल्यातले कितीजण तिथं धुळीत बसले होते ते सगळ्यांना आठवत असेल. मला फुटबॉल लागला तो कंपनीत. केरळ आणि बंगालकडचे सहकारी सुट्टीच्या दिवशी खेळायचे. मी कबड्डीत कोपरा धरायचो, पडायला घाबरायचो नाही, म्हणून त्यांनी मला गोलात उभं केलं. आता पोट सुटलंय, तेव्हा शिफ्ट संपली की शाळेच्या मुलांना शिकवतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोलाची चौकट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असते. तिथं हात वापरायची परवानगी असलेला एकच गडी उभा असतो. बाकी दहाजणांत तडजोड करता येते. एखाद्याला डावीकडे सरकवा, अर्धा वेळ खेळवा, शेवटची वीस मिनिटं उतरवा. गोलकीपरच्या बाबतीत तशी सोय नाही. कुस्तीत निदान वजनगट असतात. तालमीत वस्तादांचे दोन पठ्ठे दोन वेगळ्या गटांत लढू शकतात. गोलात एक उभा राहिला की दुसरा बाहेर बसला. सामना संपेपर्यंत बसला, आणि बहुतेक वेळा अख्खा हंगाम बसला.

आता अनुभवी माणसाकडे काय असतं? त्याला चेंडू कुठं येणार ते आधी कळतं, म्हणून त्याला उडी कमी मारावी लागते. बघणाऱ्याला वाटतं, सोपा चेंडू होता. तो बचावाच्या चार पोरांना सतत ओरडून जागेवर ठेवतो. कॉर्नरच्या गर्दीत ‘माझा!’ म्हणून आवाज दिला की बाकीचे बाजूला होतात, कारण त्यांचा त्या आवाजावर विश्वास असतो. तरुणाकडे चपळाई असते, जवळून आलेल्या फटक्याला हात पटकन जातो. शिवाय हल्लीची पोरं पायानं चांगली खेळतात. १९९२ साली नियम बदलला. आपल्याच गड्यानं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईना. तेव्हापासून पायाची कला लागायला लागली, आणि जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांची अडचण झाली.

म्हणजे दोन्हीकडे वजन आहे. नुसतं वय बघाल तर फसाल. इटलीच्या दिनो झॉफनं १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी खेळला आणि त्यानं पेनल्टी अडवली. उलट बाजूला इटलीचाच बुफॉन १९९५ मध्ये १७ व्या वर्षी पार्मा संघाच्या गोलात उभा राहिला, समोर मिलानसारखा संघ होता आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. वय दोन्ही बाजूंनी साक्ष देतं, त्यामुळे त्याच्यावर निकाल लागत नाही.

मग निकाल कशावर लागतो? मला जे उमगलं ते गोव्याच्या एका गोलकीपरमुळे. लक्ष्मीकांत कट्टीमणी त्याचं नाव. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगची अंतिम फेरी होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २-१ नं पुढे होता. तेवढ्यात चेंडू कट्टीमणीच्या हाताला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल म्हणून नोंद झाली. पाठोपाठ जादा वेळेत चेन्नईयिननं आणखी एक गोल केला आणि करंडक नेला. आपल्याच लोकांसमोर, शेवटच्या मिनिटाला, आपल्याच हातून. गोलकीपरच्या आयुष्यात याहून वाईट संध्याकाळ कुठली असेल?

आता २० मार्च २०२२ वर या. तीच स्पर्धा, तीच अंतिम फेरी, तेच फातोर्डा मैदान. आपल्या बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. त्या हैदराबादच्या गोलात कट्टीमणी होता. केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा सामना १-१ असा सुटला, पेनल्टीवर गेला. ३२ वर्षांच्या कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ नं विजेता ठरला.

या दोन तारखांच्या मध्ये सव्वासहा वर्षं आहेत. आपण ज्याला ‘अनुभव’ म्हणतो तो या सव्वासहा वर्षांत तयार झाला. पण तो आपोआप तयार झाला नाही. २०१५ नंतर कुणीतरी त्याला पुन्हा गोलात उभं केलं, म्हणून झाला. त्या संध्याकाळनंतर सगळ्यांनी त्याच्या नावावर फुली मारली असती तर २०२२ चे तीन हात कुठून आले असते?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. अनुभवी की तरुण, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: मी ज्याला उभा करतोय त्याच्या हातून घोटाळा झाला तर पुढचा सामना मी त्यालाच देणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मोठा उभा करा की धाकटा, दोन्ही चालतं. उत्तर ‘नाही’ असेल तर दोघांपैकी कुणालाही उभं करू नका. विशेषतः तरुणाला. मोठ्याला मागचे चार चांगले सामने आठवत असतात, त्यांच्या आधारावर तो सावरतो. तरुणाकडे मागं काहीच नसतं. त्याची पहिली चूक हाच त्याचा सगळा इतिहास होतो.

आता शाळेची गोष्ट सांगतो. मुलांची नावं घेत नाही, दोघंही इथलीच आहेत आणि त्यांचे आईवडीलही आपल्या ओळखीचे आहेत.

सतरा वर्षांखालील संघ होता. एक मोठा, दहावीतला. दोन वर्षं गोल सांभाळत होता. दुसरा धाकटा, आठवीतला, मांजरासारखा चपळ. सरावात धाकटा उजवा दिसायचा, हे सगळ्यांना दिसत होतं. पण मोठ्याचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. संघ पुढच्या स्तरावर गेला तर खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांची आशा होती, आणि त्याच्या घरी त्या गुणांची वाट बघत होते. शिवाय बचावातली पोरं त्याच्या आवाजावर हलायची. धाकट्याचा आवाजच अजून फुटायचा होता.

मी मोठ्याला निवडलं. फळ्यावर यादी लागायच्या आदल्या दिवशी दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि तोंडावर सांगितलं. धाकट्याला म्हणालो, ‘‘यंदा तू नाहीस. पण रोज त्याच्याइतकाच सराव तुझा होईल. आणि कधी उतरावं लागलं तर दोन मिनिटांत तयार असलास पाहिजेस.’’ तो काही बोलला नाही. हातमोजे घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी मैदानावर होता.

त्याला ‘तयार राहा’ म्हणालो ते समजूत काढायला नव्हतं. इकेर कासियास १९ व्या वर्षी रिआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी जिंकला आणि दोनच वर्षांनी संघाबाहेर बसला होता. १५ मे २००२, ग्लासगो, पुन्हा अंतिम फेरी. गोलात वयानं मोठा सेझार. ६८ व्या मिनिटाला सेझार दुखावला, कासियास उतरला आणि शेवटच्या मिनिटांत त्यानं एकामागून एक चेंडू अडवले. माद्रिद २-१ नं जिंकला. पुढे तोच कासियास मोठा झाला, स्पेनचा विश्वविजेता कर्णधार झाला, आणि काही वर्षांनी दिएगो लोपेझसाठी त्यालाही बाहेर बसावं लागलं. हा लोपेझ नंतर मिलानला गेला. तिथं ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याची जागा जानलुईजी दोन्नारुम्मा नावाच्या १६ वर्षांच्या पोरानं घेतली. आणि २०२१ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम फेरीत याच पोरानं दोन पेनल्टी अडवून इटलीला विजेतं केलं. बाकावर बसणं कुणालाच चुकलेलं नाही. आधी धाकटा म्हणून बसायचं, मग मोठा म्हणून.

तर आपली स्पर्धा. पाऊस कसा असतो ते पिरंगुटकरांना सांगायला नको. मैदानात घोट्यापर्यंत चिखल. तालुक्याच्या एका सामन्यात साधा, हळू आलेला चेंडू मोठ्याच्या ओल्या मोज्यांतून निसटला आणि रेषेच्या आत गेला. कसेबसे आम्ही २-१ नं जिंकलो. पण संध्याकाळपर्यंत मला चौघांनी गाठलं. एक म्हणाला, ‘‘दादा, धाकट्याला घाला, नाहीतर घरी जाल.’’ दुसऱ्यानं तर शाळेच्या इभ्रतीचा विषय काढला.

मी बदल केला नाही. पुढच्या सामन्यात मोठाच उभा राहिला. सामन्याआधी तो माझ्याकडं बघत होता, मी त्याला फक्त मोजे पुसायला कोरडं फडकं दिलं. त्या दिवशी त्याच्या हातून काही सुटलं नाही. त्यापुढच्या सामन्यात आम्ही एका गोलानं हरलो. कोपऱ्यातून आलेला चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून आत गेला, तिथं कुठलाच गोलकीपर काही करू शकला नसता. सवलतीचे गुण मिळाले नाहीत. धाकटा उभा असता तर काय झालं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि तशी पैज लावण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र सांगू शकतो. पुढच्या वर्षी धाकटा गोलात आला. पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल खाल्ले. तो घाबरला नाही. त्यानं मागच्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं की इथं चूक झाली म्हणून कुणाला हाकलत नाहीत. आणि मोठा? तो आता आयटीआयला आहे. रविवारी सकाळी येतो आणि धाकट्याला चेंडू मारून देतो. कॉर्नरला कुठं उभं राहायचं ते माझ्यापेक्षा तो चांगलं शिकवतो. माझ्याकडे दाखवायला करंडक नाही. हे दोघं एका मैदानावर आहेत, एवढं आहे.

मित्रांनो, आपण सगळे आता अनुभवी गोलकीपरच्या वयात आलोय. कुणाच्या कंपनीत निम्म्या वयाचा इंजिनिअर शेजारी येऊन बसलाय, कुणाच्या घरी मुलगा म्हणतोय की भाताची लावणी आता मी बघतो. जागा द्यायची वेळ सगळ्यांवर येते. मुलाकडं शेत सोपवलं आणि पहिल्याच वर्षी रोप कुजलं, तर ‘मी म्हणालोच होतो’ असं म्हणून खुरपं परत हातात घेऊ नका. दुसरा हंगामही त्यालाच द्या. आणि ज्याला बाजूला व्हायला सांगायचंय, त्याला ते आपल्या तोंडानं, आधी सांगा. फळ्यावरच्या यादीतून कळू देऊ नका.

आपल्या गुरुजनांनी आपल्यापैकी कितीजणांना नापास झाल्यावरही पुढच्या बाकावर बसवलं होतं, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी नवीन काही सांगत नाहीये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. शाळेच्या संघाला गोलकीपरचे मोजे दोन जोड हवेत, एक मोठ्या मापाचा आणि एक लहान. पावसाआधी गोलासमोरचा खड्डा भरायचाय, त्याला दोन ट्रॉली मुरूम लागेल. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यांनी जेवणानंतर मला भेटावं. आणि ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर यावं. चेंडू मारणारे पाय आम्हाला नेहमी कमी पडतात.