गीझरची तिसरी पिन
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



गाणी झाली, सत्कार झाले, आणि आता जेवणाच्या आधी हे काका गीझरवर बोलणार! पाचच मिनिटं घेतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात आमच्या घरचा आरसीसीबी सारखा पडायचा. गीझर लावला की घरात अंधार. कंटाळून मी वायरमनला म्हटलं, "अरे, हे काढूनच टाक." त्यानं थेट जोडून दिलं. आठ दिवसांनी सौ. म्हणाली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात." मी हसण्यावारी नेलं. रविवारी नातू आंघोळीला गेला आणि किंचाळतच बाहेर आला. देवाच्या कृपेने वाचला.

मग परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणला. गीझरच्या कॉइलला चीर गेली होती. सॉकेट उघडलं, तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही! टाइल्स बदलताना अर्थिंगची हिरवी वायर तुटली, ती पुन्हा कुणी जोडलीच नाही. म्हणजे गळणाऱ्या करंटला जमिनीत जायचा रस्ता बंद, आणि धोक्याची घंटा मी स्वतः काढून टाकलेली. ऑडिटर चुका दाखवतो म्हणून ऑडिटरलाच घालवायचं नसतं, हे बँकेत जन्मभर इतरांना सांगितलं. घरी मात्र तेच केलं.

त्यानंतर मी चार गोष्टी शिकलो, त्या सांगतो.

पहिली, वायर. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा तेरा. दिव्या-पंख्याच्या लाइनवर तो जोडायचा नाही. मीटरकडच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी: तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची, गीझर ३००० वॉटचा किंवा अंतर जास्त असेल तर चारची. सॉकेट सोळा अँपिअरचं.

दुसरी, एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. सोळा अँपिअरचा एमसीबी माणसाला बसलेल्या शॉकने पडेलच असं नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतक्या गळतीलाही क्षणात पडतो. तो पडत असेल तर दोष शोधा, त्याला काढू नका. त्यावर 'टेस्ट' बटण असतं. दर तीन महिन्यांनी दाबून बघा. पडला नाही तर बदला.

तिसरी, अर्थिंग. ती वायर गीझरच्या धातूच्या अंगापासून खाली मीटर रूमपर्यंत अखंड हवी. काही जण न्यूट्रलच अर्थिंगच्या पिनला जोडून देतात. हे तर फारच वाईट. न्यूट्रल तुटला, की गीझरचं सगळं अंगच जिवंत होतं.

चौथी, स्विच. तो बाथरूमच्या बाहेर हवा आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल हवा.

हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं, असं नियमच सांगतो. पण आपण नूतनीकरणाला एनओसी देताना टाइल्सचा रंग विचारतो, अर्थिंग विचारत नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. या रौप्यमहोत्सवी वर्षात मीटर रूमचं अर्थिंग आणि प्रत्येक घरातली गीझरची लाइन तपासून घ्यावी. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली, तशीच आतली वायरही झाली आहे. रोषणाईचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल.

आता जेवायला चला.